सौदे उरकल्यानंतरचा अर्धा तास: एकाच वेळी येणाऱ्या रिक्वेस्ट आणि मागे चालणारी कामे सर्व्हरवर कशी सांभाळावीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले आणि मालाचे वजन झाले, की अडत दुकानांतल्या दिवाणजींची एकच घाई सुरू होते. शेतकऱ्याला गावी परतण्याआधी हिशेबपट्टी हातात हवी असते, खरेदीदाराला बिल हवे असते आणि हमाली-तोलाईचा हिशेबही त्याच वेळी लावायचा असतो. अशा काही दुकानांची हिशेबाची संगणक प्रणाली मी सांभाळतो. सकाळी तिच्याकडे मिनिटाला एखादी रिक्वेस्ट येते आणि दुपारी मात्र दिवसभराचे बहुतेक काम अर्ध्या तासात येऊन कोसळते. पहिल्या हंगामात आमचा सर्व्हर नेमका याच अर्ध्या तासात मान टाकत असे, आणि मी दर वेळी त्याची मेमरी वाढवून समाधान मानत असे. त्याने काहीही फरक पडला नाही, कारण सर्व्हर लहान होता हे खरे कारण नव्हतेच. 'पट्टी करा' हे बटण दाबल्यावर नोंद जतन करणे, पट्टीची पीडीएफ तयार करणे, शेतकऱ्याला एसएमएस पाठवणे आणि खातेवहीत जमा-नावे टाकणे ही चारही कामे आम्ही एकाच रिक्वेस्टच्या पोटात भरली होती, आणि ती सगळी होईपर्यंत दिवाणजी पडद्याकडे बघत बसत असे.

पुढील सर्व विवेचन दोन कोअर आणि चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर, पुढे रिक्वेस्ट स्वीकारून आत पोचवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे गनिकॉर्न या ॲप्लिकेशन सर्व्हरखाली चालणारे पायथनचे ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस एवढ्या मांडणीवर आधारलेले आहे. तुमच्याकडे नोड किंवा जावा असेल तर नावे बदलतील, पण पायऱ्यांचा क्रम बदलण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: आधी मोजा

काहीही बदलण्यापूर्वी दोन आकडे हाताशी असले पाहिजेत. गर्दीच्या वेळी सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात हा एक, आणि एका रिक्वेस्टला किती वेळ लागतो हा दुसरा. या दोहोंचा गुणाकार म्हणजे कोणत्याही क्षणी सर्व्हरच्या आत सरासरी किती रिक्वेस्ट अडकलेल्या असतील ती संख्या. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात आणि जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये मांडली. धरून चालू की सेकंदाला ५ रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला ६ सेकंद लागतात. म्हणजे एका वेळी ३० रिक्वेस्ट आत असणार. गनिकॉर्नचे कागदपत्र कोअरच्या दुप्पट अधिक एक इतके वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, सुचवतात, म्हणजे आपल्याकडे ५ वर्कर. एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारे हे ५ वर्कर ६ सेकंदांत ५ रिक्वेस्ट निकाली काढतील, म्हणजे सेकंदाला एकही पुरी नाही. येणाऱ्या पाच आणि सुटणारी जेमतेम एक, या हिशेबाने एका मिनिटात अडीचशे रिक्वेस्ट दाराशी तुंबतात.

यापुढचे नुकसान टाइमआउटमुळे होते. मागच्या ॲप्लिकेशनकडून उत्तर आले नाही तर एनजिनएक्स सहसा ६० सेकंद वाट पाहून ५०४ हा 'उत्तर वेळेत आले नाही' असे सांगणारा संकेत दिवाणजीला देतो. दिवाणजी काय करतो? पुन्हा बटण दाबतो. पहिली रिक्वेस्ट मात्र मेलेली नसते, ती आत कुठेतरी चालूच असते किंवा रांगेत असते. त्यामुळे गर्दी दुप्पट होते, आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या निघण्याचा धोका निर्माण होतो. हाच वेळ ६ सेकंदांवरून ५० मिलिसेकंदांवर आणला, तर त्याच गर्दीत आत असणाऱ्या रिक्वेस्टची सरासरी पाव इतकी उरते आणि तेच ५ वर्कर आरामात पुरतात.

दुसरी पायरी: कामाची फाळणी करा

वेळ कमी करायचा म्हणजे पीडीएफ लवकर बनवायची असे नव्हे, तर ती उत्तर देण्याच्या आधी बनवायची नाही असे ठरवायचे. काट्यावर वजन झाले की तोलाईदार चिठ्ठी देतो आणि पुढचा माल काट्यावर घेतो. हिशेब पुरा होईपर्यंत तो काटा अडवून ठेवत नाही. रिक्वेस्टनेही एवढेच करावे. आलेली माहिती तपासावी, सौद्याची नोंद जतन करावी, 'या नोंदीची पट्टी करायची आहे' असा जॉब लिहून ठेवावा आणि जॉबचा क्रमांक देऊन मोकळे व्हावे. एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत, अशा उत्तरासाठी २०२ हा स्वतंत्र संकेत आहे. त्याचा अर्थ काम स्वीकारले आहे, अजून झालेले नाही, असा होतो. पडद्यावर 'पट्टी तयार होत आहे' असे दाखवावे आणि ब्राउझरने दर दोन-तीन सेकंदांनी त्या क्रमांकाची स्थिती विचारावी. ही विचारणा अगदी हलकी असते आणि बहुतेक ठिकाणी पुरेशी ठरते.

मात्र हे शिकल्यावर प्रत्येक गोष्ट मागे ढकलण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. लॉटमध्ये पोती शिल्लक आहेत की नाहीत, दर भरला आहे की नाही, शेतकऱ्याचे खाते बंद तर नाही, यांचे उत्तर दिवाणजीला तिथल्या तिथे मिळायला हवे. माणूस समोर उभा असताना ज्या उत्तरावर त्याची पुढची कृती अवलंबून आहे ते काम रिक्वेस्टमध्येच राहिले पाहिजे. एरवी 'स्वीकारले' असे सांगून दहा मिनिटांनी 'जमणार नाही' असे कळवण्याची पाळी येते, आणि तोवर शेतकऱ्याची एसटी सुटलेली असते.

तिसरी पायरी: जॉब कुठे लिहून ठेवायचा ते ठरवा

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ याच जागी होतात. सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये एक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, सुरू करणे, किंवा फास्टएपीआय या पायथनच्या वेब चौकटीतील बॅकग्राउंड टास्कची सोय वापरणे. उत्तर दिल्यानंतर लॉग लिहिण्यासारख्या किरकोळ कामाला हे चालते. पण असे काम केवळ प्रोसेसच्या मेमरीत असते. वीज गेली, नवी आवृत्ती चढवताना प्रोसेस बंद झाली, की ते काम नाहीसे होते आणि ते होते याचा पुरावाही उरत नाही. पट्टीसारख्या पैशाच्या कागदासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे रेडिस किंवा रॅबिटएमक्यू यांवर चालणारी रांग, आणि तिच्यातून कामे उचलणारे सेलेरी किंवा बुलएमक्यू यांसारखे साधन. हे चांगले आणि रुळलेले मार्ग आहेत. अडचण एकच आहे: नोंद पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जाते आणि जॉब रेडिसमध्ये, आणि या दोन लिखाणांच्या मध्ये काहीही बिघडू शकते. नोंद झाली पण जॉब गेला नाही, तर पट्टी कधीच निघणार नाही. जॉब आधी गेला आणि डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा लिखाणांचा गट, मागे फिरले, तर वर्कर अस्तित्वात नसलेल्या नोंदीची पट्टी शोधत बसेल. (येथून पुढे वर्कर म्हणजे गनिकॉर्नचा नव्हे, तर रांगेतले जॉब उचलून मागे काम करणारी वेगळी प्रोसेस.)

म्हणूनच छोट्या व्यवस्थेसाठी मी तिसरा मार्ग पसंत करतो. डेटाबेसमध्येच जॉबचा एक तक्ता करावा आणि सौद्याची नोंद व जॉबची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावी, म्हणजे दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. या तक्त्यात जॉबचा क्रमांक, प्रकार, तपशील, स्थिती, आतापर्यंतचे प्रयत्न, पुढचा प्रयत्न कधी करायचा ती वेळ, कोणत्या वर्करने उचलला ते, त्याची मुदत कधी संपते ते आणि शेवटच्या चुकीचा मजकूर एवढे रकाने असावेत. पुढे व्याप वाढलाच, तर हाच तक्ता वाचून रेडिसकडे काम सोपवणारी एक वेगळी प्रोसेस बसवता येते आणि आधीची मांडणी मोडावी लागत नाही.

या तक्त्यातून दोन वर्करनी एकच जॉब उचलू नये यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, एक नेमकी सोय आहे. सिलेक्ट या आज्ञेच्या शेवटी 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' असे लिहिले, की ज्या ओळींना दुसऱ्या कोणी लॉक लावले आहे त्या ओळी सुटण्याची वाट न पाहता वर्कर त्या ओलांडून पुढची मोकळी ओळ घेतो. ओळ मिळताच तिची स्थिती 'चालू' करावी, आपले नाव आणि पाच मिनिटांनंतरची मुदत लिहावी आणि ट्रान्झॅक्शन तिथेच संपवावे. पीडीएफ तयार होईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे ठेवण्याची चूक मी स्वतः केली आहे. तसे केल्यास डेटाबेसचे कनेक्शन तेवढा वेळ अडकून राहते आणि जुन्या ओळींची साफसफाईही खोळंबते. काम संपल्यावर 'झाले' असे लिहिताना, मुदत अजून आपल्याच नावावर आहे ही अट त्याच अपडेटमध्ये घालावी. वर्कर मध्येच मेला तर मुदत उलटून जाते आणि तो जॉब दुसरा वर्कर उचलतो.

चौथी पायरी: प्रत्येक काम दोनदा झाले तरी बिघडू नये असे करा

आता वरच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट पाहा. वर्करने पट्टी तयार केली, एसएमएस पाठवला आणि 'झाले' असे लिहिण्याच्या आधी तो मेला, तर दुसरा वर्कर तेच काम पुन्हा करणार. कोणत्याही रांगेत काम 'निदान एकदा' होईल किंवा 'फार तर एकदा' होईल यांपैकी एकाचीच खात्री देता येते. पट्टीच्या बाबतीत आपण 'निदान एकदा' निवडतो आणि दुसऱ्यांदा केलेले काम निरुपद्रवी ठरेल अशी रचना करतो. माझ्या मते या लेखातील इतर सर्व पायऱ्या अर्ध्यामुर्ध्या जमल्या तरी चालतील, पण ही एक पुरी जमली पाहिजे.

सुरुवात ब्राउझरपासून करावी. फॉर्म उघडतानाच त्याला एक स्वतंत्र किल्ली द्यावी आणि बटण कितीही वेळा दाबले तरी तीच किल्ली रिक्वेस्टबरोबर जावी. डेटाबेसमध्ये त्या किल्लीच्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा लिहू न देणारी अट, असावा. येथे एक बारकावा आहे. 'ही किल्ली आधी आहे का ते पाहा, नसेल तर नोंद करा' असे दोन टप्प्यांत लिहिले, तर एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्ट दोन्ही 'नाही' असे पाहतात आणि दोन्ही नोंद करायला धावतात. त्याऐवजी थेट इन्सर्ट करावे, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' अशी जोड द्यावी, आणि काहीच लिहिले गेले नाही तर आधीच्या नोंदीचा जॉब क्रमांक परत द्यावा. दिवाणजीला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळते आणि त्याला काही घडले असे वाटतही नाही.

शिल्लक पोत्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. एका लॉटमध्ये ४० पोती आहेत. दोन दिवाणजी एकाच वेळी ती संख्या वाचतात, एक २५ वजा करून १५ लिहितो, दुसरा ३० वजा करून १० लिहितो, आणि ४० पोत्यांतून ५५ विकली गेल्याचे कोणालाच कळत नाही. उपाय साधा आहे. संख्या वाचून, प्रोग्रॅममध्ये वजा करून पुन्हा लिहू नये. 'शिल्लकेतून ३० वजा कर, पण शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच' अशी एकच अपडेट आज्ञा डेटाबेसला द्यावी आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य ओळी बदलल्या तर पोती कमी आहेत असे सांगावे.

खातेवहीत जमा-नावे टाकताना पट्टी क्रमांक आणि नोंदीचा प्रकार यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स घातला, की तेही दोनदा होत नाही. पीडीएफच्या फाइलचे नाव पट्टीच्या क्रमांकावरूनच ठरवावे, म्हणजे दुसऱ्यांदा तयार झालेली फाइल पहिलीच्या जागी बसते. एसएमएस मात्र एकदा गेला की परत घेता येत नाही. म्हणून तो पट्टीच्या जॉबमधून बाहेर काढून स्वतंत्र जॉब करावा, आणि एसएमएस सेवा आपण दिलेला संदेश क्रमांक ओळखून दुसरा संदेश रोखत असेल तर तो क्रमांक अवश्य द्यावा. तशी सोय नसेल, तर कधी काळी शेतकऱ्याला एकच संदेश दोनदा जाईल हे मान्य करून पुढे जावे. दोनदा गेलेल्या संदेशाने कोणाचे नुकसान होत नाही. न गेलेल्या संदेशाने मात्र दुकानात फोन सुरू होतात.

पाचवी पायरी: कोणती चूक पुन्हा प्रयत्न करण्याजोगी आहे ते ठरवा

जॉब फसला की लगेच पुन्हा करणे हा उपाय नसून बहुधा नवा आजार असतो. आधी चुकीची जात ओळखावी. समोरच्या सेवेने ५०३ दिला, जोडणी तुटली, वेळ संपली, तर थोड्या वेळाने तेच काम जमू शकते. मोबाइल क्रमांकात नऊच अंक असतील तर ते हजार प्रयत्नांनीही जमणार नाही. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे आधी नोंदवलेल्या टेम्पलेटशी जुळावा लागतो. कोणीतरी मजकुरात एक ओळ वाढवली आणि संदेश अडवला गेला, तर ती कायमची चूक समजून जॉब बाजूला काढावा आणि माणसाला कळवावे.

पुन्हा करण्याजोग्या चुकीसाठी प्रतीक्षा दर वेळी दुप्पट करत जावी, म्हणजे १० सेकंद, २०, ४०, ८० अशी, आणि तिच्यात थोडा अनियमितपणा मिसळावा. हा अनियमितपणा चैन म्हणून नाही. एसएमएस सेवा पाच मिनिटे बंद पडली आणि दोनशे जॉब एकदम फसले, तर अनियमितपणा नसल्यास ते सर्व दहाव्या सेकंदाला एकदम परत येतील आणि नुकतीच उठू पाहणारी सेवा पुन्हा आडवी करतील. ठरावीक प्रयत्नांनंतर, समजा आठ, जॉबची स्थिती 'फसला' अशी करून तो तक्त्यात तसाच ठेवावा. पुसून टाकू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती पट्टी राहिली ते त्यातूनच कळणार आहे.

सहावी पायरी: प्रत्येक ठिकाणी मर्यादा घाला

वर्कर किती असावेत याचे उत्तर कामाच्या स्वभावावर अवलंबून असते. पीडीएफ बनवताना प्रोसेसर राबतो, त्यामुळे दोन कोअरवर दोनापेक्षा अधिक वर्कर लावले तर कामे एकमेकांना ढकलत बसतात आणि वेब रिक्वेस्टही मंदावतात. आम्ही त्यासाठी एकच वर्कर ठेवला आहे. एसएमएसच्या कामात प्रोसेसर मोकळा असतो आणि सगळा वेळ समोरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, तिथे दहा थ्रेडही सहज चालतात. ही दोन्ही कामे एकाच रांगेत आणि एकाच वर्करकडे असतील, तर अडकलेल्या एसएमएसमागे पट्ट्या ताटकळतात. म्हणून प्रकारानुसार वर्कर वेगळे करावेत. असिंक पद्धतीने, म्हणजे एकच प्रोसेस अनेक रिक्वेस्ट आलटून पालटून हाताळेल अशा रीतीने, लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की असिंक फंक्शनमध्ये पीडीएफ बनवण्यासारखे प्रोसेसर अडवणारे काम घातले, तर ते संपेपर्यंत त्या प्रोसेसमधील इतर सर्व रिक्वेस्ट थांबून राहतात. नोडमध्येही हेच घडते.

डेटाबेसच्या कनेक्शनचा हिशेब कागदावर करावा. पोस्टग्रेएसक्यूएल सहसा १०० कनेक्शनपर्यंत परवानगी देतो आणि त्यांतील ३ व्यवस्थापकासाठी राखीव असतात. पायथनमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीचा पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनचा साठा, मुळात ५ कनेक्शन ठेवतो आणि गरज पडल्यास आणखी १० उघडतो, म्हणजे प्रत्येक प्रोसेसमागे १५. थ्रेड वापरणाऱ्या ५ वेब प्रोसेस आणि ३ वर्कर प्रोसेस यांची बेरीज १२० होते, आणि ही गोष्ट एरवी कधीच लक्षात येत नाही; ती सौद्यांच्या दिवशीच लक्षात येते. पूल लहान करावा, किंवा प्रोसेस फार असतील तर थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर मध्ये बसवावा.

बाहेरच्या प्रत्येक सेवेला विचारताना टाइमआउट स्वतः लिहावा. पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी तो सांगितल्याशिवाय लावत नाही आणि समोरून उत्तर आले नाही तर कितीही वेळ थांबून राहते. शेवटची मर्यादा दाराशी असावी. रांग हाताबाहेर गेली, तर नवी रिक्वेस्ट आत घेऊन मिनिटभर रखडवण्यापेक्षा लगेच ५०३ द्यावा, किंवा एकच दुकान भडिमार करत असेल तर त्याला ४२९ द्यावा, आणि 'रिट्राय आफ्टर' या हेडरमध्ये किती सेकंदांनी यावे तेही सांगावे. नकार देणे ग्राहकाला आवडत नाही हे खरे, पण लगेच मिळालेला नकार सर्वांच्या खोळंब्यापेक्षा परवडतो.

रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीवर, चालणाऱ्या कामांबद्दल एकच सूचना पुरेशी आहे: आदल्या रात्रीचे काम संपले नसताना नवे सुरू होऊ नये, यासाठी ते एफलॉक या आज्ञेमार्फत चालवावे.

सातवी पायरी: बंद करण्याची आणि लक्ष ठेवण्याची रीत

नवी आवृत्ती चढवताना वर्करला सिगटर्म हा बंद होण्याची विनंती करणारा संकेत मिळतो. तो मिळताच वर्करने नवे जॉब उचलणे थांबवावे, हातातले काम पुरे करावे आणि मग बंद व्हावे. लिनक्सवर प्रोसेस सुरू-बंद करणारा सिस्टमडी यासाठी मुळात ९० सेकंद देतो. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारा डॉकर मात्र मुळात १० सेकंदच देतो आणि मग प्रोसेस सरळ मारतो. तुमची मोठी पीडीएफ १५ सेकंद घेत असेल तर ही मुदत वाढवावी लागेल.

लक्ष ठेवण्यासाठी रांगेत किती जॉब आहेत हा आकडा फसवा ठरतो, कारण दुपारी दोनशे जॉब असणे अगदी स्वाभाविक आहे. त्याऐवजी उचलण्याजोग्या सर्वांत जुन्या जॉबला किती वेळ झाला ते पाहावे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानतात, आणि पहिली पातळी आली की नदीकाठचे लोक सामान हलवू लागतात, दुसरीची वाट पाहत नाहीत. आम्हीही दोन पातळ्या ठेवल्या आहेत. सर्वांत जुना जॉब दोन मिनिटांचा झाला की माझ्या मोबाइलवर संदेश येतो, आणि दहा मिनिटांचा झाला की दुकानांच्या पडद्यावर 'पट्टीला उशीर होत आहे' अशी सूचना आपोआप दिसते.

आठवी पायरी: हंगामाआधी मोडून पाहा

हळदीची आवक वाढण्यापूर्वी, सर्व्हरची हुबेहूब प्रत उभी करून तिच्यावर केसिक्स किंवा लोकस्ट या साधनाने गर्दी सोडावी. सरासरी वेळ पाहून खूश होऊ नये. शंभरातल्या सर्वांत हळू पाच रिक्वेस्टना किती वेळ लागला ते पाहावे, कारण तक्रार त्याच पाच दिवाणजींकडून येते. एसएमएस सेवेच्या जागी तीस सेकंद गप्प बसणारी खोटी सेवा ठेवावी आणि पट्ट्या तरीही वेळेवर निघतात का ते तपासावे.

शेवटची चाचणी मी दर वर्षी स्वतः बसून करतो. पाचशे सौद्यांच्या नोंदी पाठवायच्या, त्यांतल्या पन्नास मुद्दाम त्याच किल्लीने दोनदा पाठवायच्या, आणि काम ऐन भरात असताना वर्करला सिगकिल हा तत्काळ मारणारा संकेत देऊन तीन-चार वेळा मारायचे. मग मुदती उलटेपर्यंत थांबून सर्व जॉब संपू द्यायचे आणि मोजायचे: पट्ट्या पाचशे, खातेवहीतल्या नोंदी प्रत्येक पट्टीमागे प्रत्येक प्रकारची एकेक, आणि खोट्या सेवेकडे गेलेले संदेश पाचशे किंवा त्यापेक्षा दोन-चार जास्त. संदेश पाचशेपेक्षा एकही कमी भरला, तर मी त्या दिवशी घरी उशिरा जातो.